नाकामुराची जर्सी आणि टर्फवरचा अपमान

गेल्या अंकात जपानच्या फुटबॉल टीमबद्दल मी फक्त चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. क्रिकेटच्या सीझनमध्ये फुटबॉलवर पत्रं, तेही जपानच्या! म्हणून या वेळी दुसरं काही घेतच नाही, सगळी जपानचीच.

प्रश्न : मी डोंबिवलीचा, वय ३८, नोकरी लोअर परळला. कॉलेजात असताना फॅशन स्ट्रीटवरून घासाघीस करून स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या सेल्टिक क्लबची जर्सी घेतलेली, हिरव्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांची, पाठीवर जपानच्या नाकामुराचं नाव आणि २५ नंबर. अजून होते (श्वास रोखला तर). परवा ऑफिसच्या टर्फ मॅचला ती घालून गेलो तर नवीन जॉइन झालेला एक पोरगा विचारतो, सर हा कोणत्या कार्टूनमधला? मग वाद सुरू झाला. पोरं म्हणाली जपानचा म्हणजे मितोमा, एकाने होंडा सांगितला, आणि आमचे साहेब, जे स्वतःला फुटबॉलचे जाणकार समजतात, ते बोलले की नाकाता सोडून जपानमध्ये कुणी झालाच नाही. माझ्या माणसाचं नाव कुणीच घेतलं नाही हो. नाकामुरा खरंच एवढा कमी पॉप्युलर आहे की मीच येडा?

उत्तर : येडे नाही आहात, पण पॉप्युलर म्हणजे कुठे पॉप्युलर ते आधी ठरवा, मग भांडा. आपल्याच मुंबईतलं बघा ना. पद्माकर शिवलकरांनी फर्स्ट क्लासमध्ये ५८९ विकेट काढल्या, कसोटी एकही नाही. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर 'पॅडी' म्हटलं की अजून लोक उठून बसतात आणि कसोटी खेळलेल्या चार-पाच स्पिनरची नावं तिथे कुणाला आठवणार पण नाहीत. आता हाच प्रश्न तुम्ही लखनौला विचारून बघा.

नाकाता आणि नाकामुराचं थोडंफार तसंच आहे. आणि माझं सरळ मत सांगतो, आपल्याकडे नाकाता गाजला आणि नाकामुरा नाही याचं निम्मं कारण त्यांच्या पायात नाही, आपल्या केबलवाल्याच्या डब्यात आहे.

नाकाता १९९८ चा वर्ल्डकप खेळला आणि लगेच इटलीत पेरुजाला गेला. तेव्हा इटालियन लीग म्हणजे जगातली सगळ्यात भारी लीग, मोठमोठी नावं तिथेच. पहिलीच मॅच युव्हेंटसशी, आणि या पठ्ठ्याने दोन गोल मारले. पेरुजा ती मॅच ४-३ हरलं पण ते कुणाला आठवतंय. मग २००० साली रोमचा क्लब रोमा. ६ मे २००१ ची युव्हेंटसविरुद्धची मॅच तर तुमच्या साहेबांना तोंडपाठ असणार. रोमा दोन गोलने मागे, कोचने तोत्तीला बाहेर काढलं, तोत्तीला म्हणजे रोममध्ये देवाला बाहेर काढल्यासारखं, आणि आत आणला नाकाताला. त्याने लांबून असा बॉल हाणला की जाळं फाटायचं बाकी होतं, मग शेवटी मोंतेल्लाने दुसरा मारला, २-२. त्या वर्षी रोमा चॅम्पियन झाली. एवढं सगळं करून २९ व्या वर्षी, २००६ चा वर्ल्डकप संपल्या संपल्या हा माणूस रिटायर, आणि नंतर जग फिरायला निघाला. रंगवलेले केस, भारी कपडे, पत्रकारांशी फटकून वागणं, जे काही बोलायचं ते स्वतःच्या वेबसाइटवर, आणि हे त्या काळात जेव्हा आपल्याकडे इंटरनेट म्हणजे सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून. अशा माणसाचं स्टार होणं ठरलेलंच.

आता तुमचा नाकामुरा. तो योकोहामाचाच पोरगा, पण लहानपणी तिथल्याच क्लबने पुढच्या टीममध्ये घेतला नाही, अंगाने बारीक म्हणून. शाळेच्या टीममधून खेळून परत त्याच क्लबात आला आणि २००० साली जे-लीगचा, म्हणजे जपानच्या लीगचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. २००२ चा वर्ल्डकप जपानच्या घरी, अख्खा देश वेडा झालेला, आणि कोच ट्रूसिएने याला टीममध्येच घेतलं नाही! म्हणजे आपल्याकडे वानखेडेवर फायनल आहे आणि मुंबईचा फॉर्मातला बॅट्समन घरी टीव्हीसमोर. ज्या महिन्यात सगळं जग जपानी खेळाडू बघत होतं त्या महिन्यात हा नव्हता, आणि ते नुकसान नंतर भरून निघत नाही.

मग गेला तोही इटलीतच, पण कुठे तर रेज्जिनाला. पार दक्षिणेच्या टोकाचा क्लब, दरवर्षी एकच ध्येय, खालच्या डिव्हिजनला जायचं नाही. अशा टीमची मॅच आपल्याकडे कोण दाखवणार? २००५ मध्ये सेल्टिकला गेला, तिथे हिरा झाला, पण स्कॉटलंडची लीग आपल्या टीव्हीवर कुठे होती? आपल्याला दिसायचा तो फक्त युरोपातल्या बड्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या रात्री, आणि त्याही रात्री सव्वा वाजता.

तीच ती रात्र तुम्ही जागून काढली असणार, नाहीतर जर्सी घेतली नसती. २१ नोव्हेंबर २००६, म्हणजे आपल्याकडे २२ तारीख उजाडलेली. समोर मँचेस्टर युनायटेड, ०-० चालू, ८१ वं मिनिट, फ्री किक जवळपास तीस यार्डांवरून. डावा पाय. बॉल भिंतीवरून गेला आणि थेट वरच्या कोपऱ्यात, युनायटेडचा गोलकीपर व्हॅन डर सार एवढा लांबलचक माणूस, त्याचा हात पोचला नाही. दोनच महिन्यांपूर्वी युनायटेडच्या घरी ओल्ड ट्रॅफर्डवरही याच व्हॅन डर सारला याने फ्री किकवरच गंडवलं होतं, म्हणजे लक नव्हतं ते. शेवटी युनायटेडला पेनल्टी मिळाली ती सेल्टिकचा गोलकीपर बोरुत्सने अडवली आणि सेल्टिक पहिल्यांदाच चॅम्पियन्स लीगच्या शेवटच्या सोळात. मी तेव्हा काळाचौकीला भाड्याच्या खोलीत आवाज बारीक करून बघत होतो, गोल झाल्यावर ओरडलो, शेजारच्या आजींनी भिंतीवर लाटणं आपटलं. सकाळी विचारलं त्यांनी, कोण जिंकलं? काय सांगणार त्यांना, ग्लासगो?

आणि पुढच्या एप्रिलमध्ये किलमारनॉकला अगदी शेवटच्या क्षणी फ्री किक मारून लीगच जिंकून दिली. त्या सीझनला स्कॉटलंडमध्ये खेळाडूंचं मत आणि पत्रकारांचं मत, दोन्हीकडे वर्षातला सर्वोत्तम तोच. ग्लासगोत तुम्ही ती जर्सी घालून फिरलात तर कुणी कार्टून बिर्टून विचारणार नाही, उलट त्या मँचेस्टरच्या गोलची स्टोरी तेच तुम्हाला सांगत बसतील.

होंडाचं नाव घेणाऱ्याला मात्र पूर्ण चुकीचं म्हणू नका. २००९ च्या सप्टेंबरमध्ये हॉलंडमध्ये एक फ्रेंडली झाली, जपानला फ्री किक मिळाली, बॉलजवळ नाकामुरा उभा, तिथे तेवीस वर्षांचा होंडा येऊन म्हणे मी मारतो. नाकामुराने दिली नाही. टीव्हीवर सगळ्यांना दिसलं, जपानात त्यावर रान उठलं, सीनियरच्या हातातला घास मागतो म्हणजे काय! पण पुढच्याच वर्षी वर्ल्डकपला नाकामुराची जागा गेली. २४ जून २०१० ला जपानने डेन्मार्कला ३-१ हरवलं, पहिला गोल होंडाचा, तोही फ्री किकवरून, आणि नाकामुरा बेंचवर बसून बघत होता. त्या दिवशी त्याचा बत्तिसावा वाढदिवस होता. मला हे नंतर कळलं आणि दिवसभर उगाच काहीतरी खुपत राहिलं. होंडाने २०१०, २०१४ आणि २०१८ अशा तिन्ही वर्ल्डकपमध्ये गोल मारले, मिलानची दहा नंबर घातली, बोलायला बिनधास्त. जे पोरगे २०१० ला फुटबॉल बघायला लागले त्यांना होंडाच आठवणार, त्यात त्यांचा काय दोष.

तर माझा क्रम असा. जगभरात आणि आपल्याकडेही ओळखीचं नाव म्हणाल तर नाकाता, यात साहेब बरोबर. एका शहराने जीव लावलेला म्हणाल तर नाकामुरा, त्याच्या आसपास कुणी नाही. आणि नुसता डावा पाय बघायचा असेल तर मला नाकाता नको, नाकामुराच लावा. परत जपानला गेल्यावर २०१३ मध्ये, ३५ व्या वर्षी, तो पुन्हा जे-लीगचा सर्वोत्तम ठरला, हे साहेबांना जरूर सांगा. फक्त अप्रेझल झाल्यावर सांगा.

प्रश्न : हाय, मी बारावीला आहे, गिरगाव. एवढं लांबलचक भांडण कशाला, इन्स्टावर ज्याचे फॉलोअर्स जास्त तो पॉप्युलर, सिंपल. मितोमा आणि कुबो, बाकी सगळे जुने झाले.

उत्तर : मित्रा, ज्या नाकाताने २००६ ला बूट काढले त्याला इन्स्टाच्या तराजूत कसं तोलणार, तेव्हा इन्स्टा जन्माला यायचं होतं.

आणि फॉलोअर्सचं काय असतं ते आपल्या अंधेरीतच दिसलं होतं. १ जून २०१८, मुंबई फुटबॉल अरेनात भारताची मॅच, चायनीज तैपेईशी. भारत ५-० जिंकला, कॅप्टन सुनील छेत्रीची हॅटट्रिक, आणि स्टेडियममध्ये माणसं किती तर २,५६९. एवढे तर आपल्या चर्नी रोडला एका लोकलमधून उतरतात. दुसऱ्या दिवशी छेत्रीने व्हिडिओ टाकला की बाबांनो शिव्या द्या, टीका करा, पण स्टेडियमला या. तो व्हिडिओ जो काय फिरला, ४ जूनला केनियाविरुद्ध तिकिटं संपली. छेत्रीची ती शंभरावी मॅच, धो धो पाऊस, मी छत्री घरी विसरून गेलेलो, आणि छेत्रीने दोन मारले. म्हणजे तीन दिवसांत माणूस तोच, खेळ तोच, पण आधी रिकाम्या खुर्च्या आणि नंतर हाऊसफुल्ल. आता यातली कुठली पॉप्युलॅरिटी खरी धरायची, सांग.

मितोमाबद्दल मात्र तुझ्याशी सहमत. तो पोरगा मलाही जाम आवडतो. क्लबने प्रो व्हायला बोलावलं तर हा म्हणाला आधी कॉलेज, आणि त्सुकुबा युनिव्हर्सिटीत ड्रिबलिंगवरच प्रबंध लिहिला. (आईला हे वाचून दाखव, बारावीचं वर्ष आहे.) आणि १ डिसेंबर २०२२, स्पेनविरुद्ध, सगळ्यांना वाटलं बॉल लाइनच्या बाहेर गेला, याने पाय लांब करून मागे ओढला आणि तानाकाने गोल केला. रेफ्रीने व्हिडिओ बघितला तर बॉलचा केसाएवढा भाग लाइनवर होता. जपानात त्याला 'मितोमाचा एक मिलिमीटर' असंच नाव पडलं. जपान २-१ जिंकलं, त्याआधी जर्मनीलाही २-१ हरवलेलंच. एका मिलिमीटरला स्वतःचं नाव मिळणं, हे फॉलोअर्समध्ये कसं मोजायचं?

कुबोचं जरा वेगळं. दहाव्या वर्षी बार्सिलोनाच्या अकादमीत गेला तेव्हापासून कपाळावर 'जपानचा मेस्सी' चिकटवलंय. नियमांच्या लफड्यात २०१५ मध्ये परत यावं लागलं, मग रियाल माद्रिदने घेतला, इकडेतिकडे उधार पाठवला, आणि खरा फुलला तो २०२२ नंतर रियाल सोसिएदादमध्ये. आपल्याकडे पण कुठलाही पोरगा शारदाश्रमकडून शतक मारतो की लगेच 'दुसरा सचिन', त्यातले किती तरले माहितीय ना. कुबो तरला, ते कौतुक मोठं.

आणि एक राहिलं. अख्ख्या जपानात सगळ्यात पॉप्युलर खेळाडू शोधायचा असेल तर तो फुटबॉलवाला नाहीच, बेसबॉलचा ओहतानी. तिकडे बेसबॉलचं जे स्थान ते आपल्याकडे क्रिकेटचं, त्यामुळे हे सगळे नाकाता-मितोमा मुळात दुसऱ्या नंबरच्या खेळाचे राजे आहेत हे धरून चाल.

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा, विलेपार्ले. त्याला वाढदिवसाला जर्सीवर जपानी नाव छापून हवंय. तिथला छापणारा विचारतो पहिलं नाव की आडनाव? आणि सगळी नावं 'नाका'नेच का सुरू होतात?

उत्तर : ताई, आडनावच छापा. जपानीत आडनाव आधी येतं आणि नाव नंतर, आपल्या शाळेच्या कॅटलॉगसारखं. नाकामुरा शुन्सुके, नाकाता हिदेतोशी.

आणि 'नाका'ची गंमत आहे. नाका म्हणजे मधला. मुरा म्हणजे गाव, ता म्हणजे भातशेत. म्हणजे नाकामुरा आपल्याकडे जन्मला असता तर मधगावकर झाला असता आणि नाकाता मधलेशेते. होंडामधलं 'दा' पण भातशेतच. शेतकरी आडनावं आहेत सगळी, कोकणातल्या माणसाला लगेच घरची वाटतील. छापणाऱ्याला स्पेलिंग कागदावर लिहून द्या, माझ्या भाच्याच्या जर्सीवर एकाने 'नाकमुरडा' होईल असं काहीतरी छापून दिलेलं.

प्रश्न : आपल्या मुंबईत कुणी जपानी खेळाडू खेळलाय का हो? एक वाचक, अंधेरी पूर्व.

उत्तर : खेळलाय की, आणि त्याची गोष्ट या सगळ्यांपेक्षा मला जवळची वाटते. इझुमी आराता. जन्म जपानमधला, आई जपानी, वडील भारतीय. ईस्ट बंगालकडून खेळून २००७ मध्ये आपल्या महिंद्रा युनायटेडला आला. कुपरेजवर मी त्याला बघितलंय, लाकडी फळ्यांवर बसून, दहा रुपयांचे शेंगदाणे खात. बाकीचे धावून धावून दमायचे आणि हा बॉल यायच्या आधीच जिथे हवं तिथे उभा. नंतर पुणे एफसीला गेला. भारताकडून खेळायचं म्हणून या माणसाने जपानचा पासपोर्ट सोडला, आणि २०१३ मध्ये भारताची जर्सी घातली. जपानचा पासपोर्ट सोडून! आपल्याकडे लोक उलट्या दिशेला रांगा लावून उभे असतात. तरी आज दादर स्टेशनवर शंभर जणांना त्याचा फोटो दाखवला तर एक जण ओळखेल की नाही शंका आहे. महिंद्राची टीमच २०१० मध्ये बंद झाली, तिच्याबरोबर आठवणीही गेल्या.

मुंबई सिटीकडून साय गॉडर्ड खेळला, २०२०-२१ च्या सीझनला, आई जपानी, वाढला लंडनमध्ये. त्या वर्षी मुंबईने लीग पण जिंकली आणि कप पण, पण करोनामुळे सगळ्या मॅचेस गोव्यात, रिकाम्या स्टेडियमात. मुंबईकरांनी त्याला समोर बघितलाच नाही बिचाऱ्याला. बाकी भारतात जपानी खेळाडूवर खरं प्रेम बघायचं तर कोलकात्याला जा आणि मोहन बागानवाल्याला कात्सुमी युसा कसा होता विचारा. चहा तोच पाजेल.

प्रश्न : वय ६१, मुलुंड. रोज सकाळी मैदानात पोरांबरोबर अर्धा तास खेळतो, घरचे ओरडतात. जपानमध्ये कुणी पन्नाशीनंतरही प्रोफेशनल खेळतो असं ऐकलं, खरं का? आणि तुमच्या यादीत एकही बाई नाही, हे काय?

उत्तर : काका, दोन्ही मुद्दे कबूल.

बाई आधी. होमारे सावा. २०११ च्या वर्ल्डकप फायनलला अमेरिकेविरुद्ध ११७ व्या मिनिटाला तिने बरोबरी साधली, मग जपान पेनल्टीवर जिंकलं. स्पर्धेत सगळ्यात जास्त गोल तिचे, सर्वोत्तम खेळाडू ती, आणि त्या वर्षीची जगातली सर्वोत्तम महिला फुटबॉलपटूही तीच. वर तीन पानं मी ज्या पुरुषांवर खर्च केली त्यांच्यापैकी कुणी वर्ल्डकपची क्वार्टर फायनलसुद्धा खेळलेला नाही. तिचं नाव पहिल्याच उत्तरात यायला हवं होतं, माझी चूक.

आता पन्नाशीवाला. काझुयोशी मिउरा, जपानी लोकांचा 'किंग काझू'. जन्म फेब्रुवारी १९६७ चा. पंधराव्या वर्षी एकटा ब्राझीलला गेला फुटबॉल शिकायला, सान्तोसकडून खेळला, १९९३ मध्ये जे-लीग सुरू झाली तर पहिल्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू हाच. जपानसाठी ८९ मॅचेसमध्ये ५५ गोल. आणि जपान पहिल्यांदा वर्ल्डकपला गेलं, १९९८ ला, तेव्हा अगदी शेवटच्या क्षणी याला टीममधून काढून घरी पाठवलं. दुसरा कुणी असता तर त्या दिवशी बूट पेटवून दिले असते. हा खेळतच राहिला. १२ मार्च २०१७ ला, पन्नास पूर्ण झाल्यावर, लीगच्या मॅचमध्ये गोल मारला आणि कोपऱ्यावर जाऊन नाचला पण. २०२० मध्ये ५३ व्या वर्षी योकोहामा एफसीचा कॅप्टन म्हणून पहिल्या डिव्हिजनची मॅच सुरुवातीपासून खेळला, आणि त्या दिवशी त्याच्याबरोबर त्याच टीममध्ये सुरुवातीपासून कोण होता तर बेचाळीस वर्षांचा नाकामुरा. दोघेही वर्ल्डकपच्या दारातून परत पाठवलेले. डोंबिवलीकर, ही मॅच शोधून तुमच्या टर्फवाल्या पोरांना दाखवा.

साठीच्या उंबरठ्यावरही काझूने निवृत्ती घेतलेली नाही. घरच्यांना हे सांगा, पण काका, आधी वॉर्मअप नीट करत जा आणि गुडघ्याला पट्टा लावा, काझूला फिजिओ आहे, तुम्हाला बाम आहे.